सरकती राखाडी चौकट: बाहेर बसून लँडस्केप करणाऱ्याच्या खिशात ती हवी का?

तळहाताएवढा राखाडी प्लास्टिकचा आयत, त्यात एक खिडकी, खिडकीवर आडवी सरकणारी पट्टी, काठावर प्रमाणांच्या खुणा आणि एका बाजूला बारीक भोक. लँडस्केपसाठी मिळणाऱ्या सरकत्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे समोरच्या देखाव्यातला चित्राचा तुकडा निवडायच्या चौकटीत, एवढंच असतं. काहींना लाल पारदर्शक फिल्म जोडलेली असते, काहींच्या खिडकीवर तिसऱ्या भागाच्या, म्हणजे तिचे आडवे-उभे तीन सारखे भाग पाडणाऱ्या, रेषा छापलेल्या असतात. हे परीक्षण एखाद्या विशिष्ट कंपनीच्या नगाचं नाही, या प्रकारच्या चौकटीचं आहे.

आधी निकाल. प्रमाणाच्या खुणा अचूक असतील आणि पट्टी घट्ट बसत असेल तर ही चौकट जरूर घ्यावी. लाल फिल्मसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. आणि खुणा तुमच्या कागदाशी जुळत नसतील तर ती न वापरलेलीच बरी, कारण चुकीच्या प्रमाणाची चौकट मदत तर करत नाहीच, वर बसलेली रचनाही बिघडवते.

हे कसं होतं ते ए४ कागद घेऊन पाहू. कागद २९.७ बाय २१ सेंटिमीटर. चौकटीवर ३:४ ची खूण लावली, झाड डाव्या काठापासून जरा आत घेतलं, उजवीकडे टेकडीचा उतार संपतो तिथे कापलं. खिडकीत सगळं नीट बसलं. आता २१ सेंमी उंचीला ३:४ ने रुंदी येते २८ सेंमी, म्हणजे कागदाच्या एका बाजूला १.७ सेंमीची उभी पट्टी उरली. त्या पट्टीत काय काढायचं हे खिडकीने सांगितलेलंच नाही. मग हात आपोआप टेकडी ताणतो, किंवा उजवीकडे एक झुडूप उगवतं. उतार चपटा होतो, झाड मधोमध सरकल्यासारखं वाटतं, आणि घरी आल्यावर चित्रात काहीतरी चुकलंय एवढंच कळतं, कुठे ते कळत नाही.

म्हणून खुणांकडे आधी पाहावं. बहुतेक चौकटींवर १:१, ४:५, ३:४, ५:७ आणि २:३ यांपैकी काही प्रमाणं असतात. ती आलीत ठरावीक मापाच्या कॅनव्हास आणि बोर्डांवरून: ८ बाय १० इंच म्हणजे ४:५, ९ बाय १२ किंवा १२ बाय १६ म्हणजे ३:४. ए मालिकेतले सगळे कागद मात्र १:१.४१४ या एकाच प्रमाणात असतात, ए५ असो, ए४ असो की ए३. त्याच्या सर्वात जवळची खूण ५:७, म्हणजे १:१.४. ए४ वर हा फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा, तो सोडून द्यावा. उभी बांधणी असलेल्या ए५ स्केचबुकची दोन पानं उघडून एकत्र वापरली तर आडवं ए४ होतं, म्हणजे तीच खूण चालते. जलरंगाच्या कागदाचं गणित थोडं वेगळं. पूर्ण इम्पिरियल शीट २२ बाय ३० इंच, तिचा पाव ११ बाय १५. हे प्रमाण ३:४ आणि ५:७ यांच्या अधेमधे पडतं. ३:४ लावली तर ११ इंच उंचीला रुंदी सुमारे १४.७ इंच येते, साधारण ८ मिलिमीटर कमी. मास्किंग टेपने चारी बाजूंना पट्टी सोडणाऱ्यांनी उजव्या-डाव्या टेपची रुंदी वाढवली की भागतं. चौकोनी स्केचबुकची दोन पानं म्हणजे १:२. आडव्या बांधणीचं ए५ उघडलं तर ते १:२.८ च्याही पुढे जातं. एवढ्या लांबट चित्रासाठी अशा चौकटींवर सहसा खूण नसतेच. पॅनोरमावाल्यांनी इथेच पुठ्ठ्याच्या घरगुती चौकटीकडे वळावं, तिच्याबद्दल पुढे.

आपली खूण आपण करता येते. खिडकीची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, तिला १.४१४ ने गुणा, पट्टी तेवढी रुंदी मिळेपर्यंत सरकवा आणि कडेला सुईने किंवा कंपासच्या टोकाने ओरखडा काढा. खिडकी ४५ मिमी उंच असेल तर रुंदी ६४ मिमी. मार्करने खूण करू नका, बोटांच्या घामाने दोन-तीन फेऱ्यांत पुसते. छापील खुणाही एकदा पट्टीने तपासाव्यात. दोन मिमीची चूक लहान वाटते, पण खिडकीतले २ मिमी ए३ वर १३ मिमी होतात.

आता अंतर. वापरणारे सर्वाधिक गोंधळतात ते इथे. खिडकी ६ सेंमी रुंद आहे असं धरू. ती डोळ्यापासून १२ सेंमीवर धरली तर तिच्यातून सुमारे २८ अंशांचा देखावा दिसतो. ३० सेंमीवर ११ अंश. हात पूर्ण लांब केला, म्हणजे सुमारे ६० सेंमीवर, तर सहाही अंश नाहीत. अंदाजासाठी: हात लांब करून मूठ वळली तर मुठीची रुंदी साधारण १० अंश झाकते. म्हणजे लांब हातावर चौकट धरून जे दिसतं ते अर्ध्या मुठीपेक्षा फार जास्त नाही. दूरचं देऊळ, एखादा वृक्षसमूह, डोंगराचा एक सुळका यांसाठी ठीक. पायाशी सुरू होणारी वाट दूरच्या डोंगरापर्यंत न्यायची असेल तर तीन मुठी तरी हव्यात, आणि त्यासाठी चौकट डोळ्याशी आणावी लागते.

डोळ्याशी आणली की दुसरा त्रास. डोळा दूरच्या डोंगरावर स्थिरावलेला असताना १२ सेंमीवरचा काठ धूसर दिसतो. काठ नेमका कुठे आहे ते कळत नाही, आणि काठावर काय कापलं जातंय हे पाहायलाच तर चौकट हाती घेतली होती. व्यवहारात २० ते ३५ सेंमी हा कामाचा पट्टा. तेवढ्या अंतरावरून पुरेसा देखावा दिसायचा तर खिडकीच मोठी हवी. या प्रकारच्या चौकटींबद्दल आमची मुख्य तक्रार हीच: खिशात मावावी म्हणून खिडकी लहान ठेवलेली असते. दोन नग समोर असतील तर मोठ्या खिडकीचा घ्या, बाकी सोयी नंतर.

अंतर एकदा ठरलं की ते बदलता कामा नये. चित्राच्या मध्यावर आल्यावर पुन्हा चौकट उचलली आणि ती पाच सेंमी पुढे धरली गेली, तर टेकडी खिडकीबाहेर जाते आणि आपण कागदावर बरोबर काढलेलं खोडायला लागतो. उपाय जुना आणि फुकटचा आहे. चौकटीच्या कोपऱ्यात दोरा बांधा, दुसऱ्या टोकाजवळ गाठी मारा, ठरलेली गाठ दातात धरा. दोरा ताणला की अंतर दर वेळी तेच. दोन-तीन गाठी असल्या तर जवळचा, मधला, दूरचा असे कोन ठरवता येतात. शिवाय एक डोळा मिटायचा, आणि प्रत्येक वेळी तोच. दोन्ही उघडे ठेवले तर जवळची खिडकी दुहेरी दिसते. डोळा बदलला तर काठ देखाव्यावर सरकतो.

दोऱ्यावरून आठवलं. व्हॅन गॉगने १८८२ मध्ये द हेगला असताना एक चांगली मोठी चौकट करवून घेतली होती. तिच्यात दोरे ताणलेले होते आणि दोन खांबांवर ती खुंट्यांनी अडकवून वाळूत किंवा कुरणात रोवता यायची. जमिनीत रोवल्यामुळे चौकट हलत नाही, हात मोकळे राहतात आणि दोऱ्यांवरून मापं थेट कागदावर येतात. आजच्या खिशातल्या चौकटीवर छापलेल्या तिसऱ्या भागाच्या रेषा ही त्याची फार पातळ आवृत्ती. हातात धरलेल्या चौकटीवर बारीक जाळी निरुपयोगी ठरते, कारण हात थरथरला की रेषा डोंगरावरून नाचतात. चारी काठांच्या मध्यावर बारीक खूण पुरते. तशाच चार खुणा कागदाच्या काठांवर पेन्सिलीने करा, म्हणजे क्षितिजरेषा उजव्या काठाच्या मध्यखुणेच्या किती वर आहे हे थेट उतरवता येतं.

बाहेर गेल्यावर कामाचा क्रम असा असावा. आधी जिथे बसून चित्र काढायचं तिथे बसा, आणि मगच चौकट उचला. उभं राहून जागा निवडली आणि मग जमिनीवर बसलो, तर डोळ्याची उंची दीड मीटरवरून पाऊण मीटरवर येते. क्षितिजरेषा नेहमी डोळ्याच्या पातळीवर असते, त्यामुळे ती खाली उतरते, मधली सपाट शेतं एका रेघेत मिटतात आणि पुढचं गवत दूरच्या पाण्यावर चढतं. निवडलेलं चित्र तिथे उरतच नाही.

मग खिडकीत चारी काठांवरून नजर फिरवा, मधल्या विषयाकडे शेवटी बघा. काठावर तीन गोष्टी हटकून चुकतात. झाडाचा शेंडा वरच्या काठाला जेमतेम टेकलेला असतो. तो आत तरी घ्या किंवा सरळ कापा, टेकवू नका, कारण तो स्पर्श नजर धरून ठेवतो. दुसरी, वाट किंवा ओढा नेमका कोपऱ्यातून बाहेर पडतो आणि बघणाऱ्याला चित्राबाहेर घेऊन जातो. चौकट दोन अंश बाजूला सरकवली की वाट कोपऱ्याऐवजी खालच्या काठातून आत येते. तिसरी, क्षितिजरेषा बरोबर मध्यावर. आकाशात ढगांचं काही घडत असेल तर त्याला तीनपैकी दोन भाग द्या, नसेल तर एकच, पण अर्धं-अर्धं वाटायचं तर त्याला कारण हवं. तळ्यातलं प्रतिबिंब हे असं एक चांगलं कारण.

काठ नीट झाले की आतला गुंता. डोंगराचं टोक घराच्या कौलांच्या टोकावर अगदी बसलेलं दिसतं, किंवा खांब झाडाच्या बुंध्यामागून सरळ वर उगवतो. नवखे लोक अशा वेळी चौकट डावी-उजवी करत बसतात. चौकट हलवून फक्त काठ बदलतात. दोन वस्तूंचं एकमेकांशी नातं बदलायचं तर स्वतः हलावं लागतं. जवळचं घर आणि दूरचा डोंगर असेल तर अर्धा मीटर बाजूला सरकलं तरी घर डोंगरावरून सरकतं आणि दोघं सुटी होतात.

इथवर पाच ते दहा मिनिटं. त्याहून जास्त वेळ निवडीत घालवू नये, सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या अर्ध्या तासात वेगळ्याच होतात. निवडलेल्या दोन-तीन दृश्यांची थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, काढा, प्रत्येक ५ बाय ७ सेंमी, दोन-तीन मिनिटांत, तीनच छटा: उजळ, मधली, गडद. खिडकीत आवडलेलं दृश्य थंबनेलमध्ये बरेचदा पडतं, कारण खिडकीत रंग आणि हलती पानं आपल्याला भुलवतात. थंबनेल उभं राहिलं तर चौकट खिशात टाका. पूर्ण चित्र चौकटीतून बघत काढणाऱ्यांची चित्रं आखडलेली दिसतात.

राखाडी रंग केवळ दिखाव्याचा नाही. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खिडकीतून देखावा आहे त्याहून गडद वाटतो, काळ्या खिडकीतून उजळ आणि चकाकता. मधल्या राखाडीत छटा आहेत तशा राहतात, आणि काठ स्वतःच एक मोजपट्टी होतो: समोरचा डाग काठापेक्षा उजळ की गडद? बारीक भोक याहूनही कामाचं. दूरच्या टेकडीवर झाडं आहेत हे माहीत असल्यामुळे आपण तिला हिरवी रंगवतो. भोकातून फक्त तिचा तुकडा पाहा, झाडांचे आकार झाकले की तिथे फिकट निळसर राखाडी उरतो. लगेच तेच भोक जवळच्या झाडावर न्या. दोन्हींत केवढं अंतर आहे ते तेव्हाच डोळ्यात भरतं, आणि ट्यूबमधून थेट हिरवा उचलायला गेलेला ब्रश थांबतो. एक काळजी: चौकट झाडाच्या सावलीत आणि देखावा उन्हात असेल तर काठ काळपट दिसतो आणि सगळं त्याच्यापुढे उजळ ठरतं. तुलना करायची तर चौकटीवरही तोच उजेड पडायला हवा.

ऊन पडलं की गुळगुळीत प्लास्टिक चमकतं आणि राखाडी पांढरा होतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलक्या हाताने घासलं की चमक जाते. खुणांवर तेवढं घासू नका.

लाल फिल्म. तिचा दावा असा की रंग नाहीसे होऊन फक्त उजेड-सावली दिसते. रंग नाहीसे होतात हे खरं, पण सगळे सारखे नाही. लाल गाळणी लाल-नारिंगीला उजळ करते आणि हिरवं व निळं गडद करते. लँडस्केपमध्ये अर्धं चित्र हिरवं आणि वर निळं आकाश असतं. फिल्ममधून कुरण जवळजवळ काळं दिसतं आणि लाल माती किंवा कौलं पांढरट, आणि त्या छटांवर विसंबून काढलेलं चित्र उलटं पडतं. डोळे किलकिले करून पाहणं यापेक्षा कितीतरी भरवशाचं, आणि त्याला कसलीही वस्तू लागत नाही. अठराव्या शतकात जुना फ्रेंच लँडस्केप चित्रकार क्लॉड लोरेन याच्या नावाने ओळखला जाणारा गडद रंगाचा, किंचित फुगीर आरसा चित्रकार आणि प्रवासी वापरायचे. देखाव्याकडे पाठ करून आरशात तो लहान आणि मंद छटांत पाहायचा. निदान त्यात एकच रंग दाबला जात नव्हता, सगळंच एकत्र मंदावायचं.

पट्टी सैल होणं हा या चौकटींचा ठरलेला आजार. खाचा झिजतात, आणि उभ्या चित्रासाठी चौकट उभी धरली की पट्टी स्वतःच्या वजनाने घसरते. ३:४ चं ४:५ कधी झालं ते कळत नाही. पट्टीवरून आडवा रबरबँड, किंवा खाचेत आतून कागदी टेपचा अरुंद तुकडा, एवढ्याने महिनोन्महिने निभतं. घेताना चौकट उभी धरून दोन-तीनदा झटकून पाहा. पट्टी हलली तर दुसरा नग मागा.

पर्यायांत सर्वात तुल्यबळ म्हणजे पुठ्ठ्याचे दोन एल, म्हणजे इंग्रजी L च्या आकाराचे तुकडे. माउंटबोर्डचे दोन तुकडे कापा, बाहेरून एक हात १५ सेंमी, दुसरा १२, रुंदी ३ सेंमी. एक उलटा करून दुसऱ्यावर ठेवला की ९ बाय ६ सेंमीपर्यंतची खिडकी मिळते, आणि एल एकमेकांवर सरकवून हवं ते प्रमाण, पॅनोरमासुद्धा. दोन बुलडॉग क्लिपांनी कोपरे पकडा, साध्या कागदी क्लिपा वाऱ्यात सुटतात. खिडकी मोठी असल्याने ३० सेंमीवरही १७ अंश मिळतात. प्लास्टिकच्या चौकटीला ही मात देते, फक्त प्रमाण बदलायला दोन्ही हात लागतात आणि पावसाच्या चार थेंबांत कोपरे फुगतात. उभं राहून, एका हातात स्केचबुक धरून काम करणाऱ्याला सरकती चौकट सोयीची. बसून, मांडीवर बोर्ड घेऊन रंगवणाऱ्याला दोन एल पुरेसे आहेत, त्याने विकत काही घेऊ नये.

जुन्या ३५ मिमी फिल्म-स्लाइडचं रिकामं माउंट, म्हणजे तिची छोटी चौकट, कुणी सुचवतं. प्रमाण २:३ वर अडकलेलं आणि भोक एवढंसं की डोळ्याला लावावं लागतं. तातडीला ठीक.

फोन मात्र विचार करण्यासारखा. त्याचं चित्र सहसा ४:३ असतं, म्हणजे ९ बाय १२ किंवा १२ बाय १६ च्या बोर्डला चपखल. पण मुख्य लेन्स रुंद असते, आडवा कोन ६५ ते ७० अंशांचा. त्यात पुढचं गवत मोठं आणि दूरचा डोंगर टेकाडाएवढा होतो, तसंच चित्रात उतरतं आणि डोळ्याला भावलेला डोंगर हरवतो. दुप्पट झूम लावला की कोन ३५ ते ३९ अंशांवर येतो आणि डोंगर मूळ आकारात परततो. काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये छटा तपासायला फोन लाल फिल्मपेक्षा सरस. उन्हात पडदा दिसत नाही ही एकच मोठी अडचण, आणि त्या वेळी राखाडी चौकट पुन्हा हातात येते.

चष्मा लावणाऱ्यांनी दोऱ्याच्या गाठी चष्म्यासह ठरवाव्यात. प्रोग्रेसिव्ह काचा (वरून लांबचं, खालून जवळचं दाखवणाऱ्या) असतील तर चौकट नजरेच्या सरळ रेषेत, काचेच्या वरच्या भागातून पाहावी. खालच्या भागातून काठ स्पष्ट दिसतो, पण देखावा पुसट होतो आणि मान वर करून बसावं लागतं.